ग्रामीण भागासाठी बिनतारी ब्रॉडबँड : प्रयत्न, अडचणी आणि अनुभव

गावातील शाळा, आरोग्य उपकेंद्र, स्वस्त धान्य दुकान, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायत या पाचही ठिकाणचा दैनंदिन कारभार आता इंटरनेटशी जोडला गेला आहे. धान्य दुकानातील यंत्रावर अंगठा उमटवल्यानंतर ओळख पटण्यासाठी जोडणी लागते. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपद्वारे नोंदवणे बंधनकारक करण्यात आले, तेव्हा लहरी न पोहोचणाऱ्या शिवारांत ती नोंद कशी करावी हा प्रश्न उभा राहिला. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा-महाविद्यालये बंद पडली, त्या काळात कोकणातील काही विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी डोंगरावर चढून बसावे लागले. इंटरनेट नसणे म्हणजे केवळ एका सोयीपासून वंचित राहणे, अशी स्थिती उरलेली नाही. हक्काचे धान्य, केलेल्या कामाची मजुरी आणि मुलांचे शिक्षण यांच्याशी त्याचा थेट संबंध आला आहे.

गावापर्यंत ही जोडणी नेण्यासाठी भारतात पाव शतकाहून अधिक काळ प्रयत्न चालू आहेत. त्यांतील बहुतेक प्रयत्नांत अखेरचा टप्पा तारेऐवजी बिनतारी लहरींनी पार करण्यात आला. काही प्रयोग यशस्वी झाले, काही अल्पावधीत बंद पडले. त्यांची कारणे समजून घेणे आजही उपयुक्त आहे.

ब्रॉडबँड कशाला म्हणावे?

केंद्र सरकारने २००४ मध्ये जाहीर केलेल्या ब्रॉडबँड धोरणात दर सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणाऱ्या, सतत चालू राहणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले गेले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट करण्यात आली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिटपर्यंत वाढवण्यात आली. २००४ च्या व्याख्येत बसणारी जोडणी आज ब्रॉडबँड ठरणार नाही.

धोरण जाहीर झाले तेव्हा ग्रामीण भागात दर १०० व्यक्तींमागे दोन दूरध्वनीही नव्हते. त्यामुळे शहरांत जसे दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरूनच ब्रॉडबँड देता आले, तसे खेड्यांत शक्य नव्हते. तेथे तारच नव्हती आणि जेथे होती, तेथे तिची लांबी व अवस्था वेगवान जोडणीच्या कामाची नव्हती. तार टाकण्याचा खर्च अंतराबरोबर वाढतो, तर ग्राहकांची संख्या गाव जितके लहान तितकी कमी होते. विखुरलेल्या वाड्या, पाडे आणि तांडे असतील तर हे गणित अधिकच बिघडते. दोन ठिकाणी मनोरे उभारून मधले अंतर लहरींनी ओलांडण्याचा विचार पुढे आला तो या कारणामुळे.

कॉरडेक्ट आणि गावातील किऑस्क

या दिशेने पहिला मोठा भारतीय प्रयत्न चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मद्रासमध्ये झाला. प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टेनेट गटाने मिडास या कंपनीच्या सहकार्याने कॉरडेक्ट ही बिनतारी प्रणाली विकसित केली. घराच्या छपरावर लहान अँटेना आणि तालुक्याच्या ठिकाणी मनोरा, अशी तिची रचना होती. एकाच जोडणीवर दूरध्वनी आणि ३५ किंवा ७० किलोबिट वेगाचे इंटरनेट अशा दोन्ही सोयी मिळत. मनोऱ्यावरून सरळ दृष्टिरेषेत सुमारे १० किलोमीटरपर्यंत आणि मध्ये पुनर्प्रक्षेपक बसवल्यास सुमारे २५ किलोमीटरपर्यंत ही सेवा पोहोचत असे.

या तंत्रावर आधारित सेवा खेड्यांत नेण्यासाठी एन-लोग ही कंपनी स्थापन झाली. तिने केबल दूरचित्रवाणीच्या व्यवसायाचा आदर्श समोर ठेवला होता. केबलचा प्रसार एखाद्या मोठ्या संस्थेने केला नाही. गल्लोगल्लीच्या लहान व्यावसायिकांनी तो केला, कारण ग्राहकाची तक्रार त्याच दिवशी दूर करणे हे त्यांच्या पोटापाण्याशी जोडलेले होते. त्याच धर्तीवर तालुका पातळीवर एक स्थानिक सेवादार आणि प्रत्येक गावात एक किऑस्कचालक अशी साखळी उभारण्यात आली. किऑस्कचालकाने संगणक, छपाईयंत्र व अँटेना यांसाठी कर्ज काढावे आणि गावकऱ्यांना शुल्क आकारून सेवा द्यावी, अशी कल्पना होती.

तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्यात मेलूर तालुक्यात २००१ मध्ये या तंत्रावर सारी प्रकल्प सुरू झाला. आयआयटी मद्राससह अमेरिकेतील एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांतील संस्थांचा त्यात सहभाग होता. जन्म व उत्पन्नाचे दाखले, तक्रार अर्ज, शेतीविषयक सल्ला आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी छायाचित्रे पाठवणे अशी कामे किऑस्कमधून होऊ लागली. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालण्याचा खर्च वाचल्यामुळे सुरुवातीला चांगला प्रतिसाद मिळाला. मात्र काही वर्षांतच अनेक किऑस्क बंद पडले. प्रकल्पाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी त्याची कारणे नोंदवली आहेत. या कामात रस घेणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाल्यावर ऑनलाइन अर्जांवर कार्यवाही थंडावली. चालकांना तांत्रिक मदत वेळेवर मिळाली नाही. उत्पन्न खर्चापेक्षा कमी राहिले. लहरी पोहोचल्या, पण पलीकडे अर्ज उघडून पाहणारा माणूस नसेल तर त्या जोडणीचा उपयोग नाही, हा धडा तेथे मिळाला.

वारणा खोऱ्यातील अनुभव

महाराष्ट्रात याच सुमारास वारणानगर परिसरात वेगळा प्रयोग चालू होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांना संगणकाने जोडणारा वारणा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. साखर कारखान्यासारख्या भक्कम सहकारी संस्थेचा त्याला आधार होता. गावातील केंद्रावर शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिलाची माहिती मिळत असे.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. तेथील संगणकांचा वापर प्रामुख्याने ऊस व खतांविषयीच्या व्यवहारापुरताच होत असल्याचे त्यांना आढळले. सात गावांमध्ये संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि लघुसंदेश वापरून तेच काम करून पाहण्यात आले. या प्रयोगाचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लघुसंदेशांची पद्धत स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांनाही ती सोयीची वाटली. गावाला नेमके काय हवे आहे हे आधी पाहावे आणि मग साधन निवडावे, असे वारणेच्या अनुभवावरून म्हणता येते. साखर कारखान्याच्या व्यवहाराशी जोडलेली असल्यामुळेच ही केंद्रे इतकी वर्षे चालू राहिली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

वाय-फायचा लांब पल्ला

वाय-फाय हे तंत्र मुळात घर, कार्यालय किंवा महाविद्यालयाच्या आवारासाठी, म्हणजे सुमारे १०० मीटर अंतरासाठी तयार झाले. त्याची यंत्रे जगभर कोट्यवधींच्या संख्येने बनत असल्याने ती स्वस्त आहेत. हीच यंत्रे दिशादर्शी अँटेना लावून अनेक किलोमीटरांपर्यंत वापरता येतील का, याचा शोध आयआयटी कानपूरने डिजिटल गँजेटिक प्लेन्स या प्रकल्पाद्वारे २००२ च्या सुमारास घेतला. मीडिया लॅब एशियाच्या साह्याने कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यानच्या खेड्यांत हे जाळे उभारले गेले. त्यातील सर्वांत लांब दुवा सुमारे ३८ किलोमीटरांचा होता. प्रा. भास्करन रामन आणि प्रा. कामेश्वरी चेब्रोलू यांनी या जाळ्यावर केलेले संशोधन पुढे अनेक देशांतील प्रकल्पांना उपयोगी पडले.

लांब अंतरावर दोन अडचणी येतात. पहिली अडचण उंचीची. या लहरींना दोन अँटेनांमध्ये सरळ दृष्टिरेषा लागते, पण केवळ समोरचा मनोरा दिसणे पुरेसे नसते. दृष्टिरेषेभोवतीचा काही भागही मोकळा असावा लागतो. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी २० किलोमीटरांच्या दुव्याच्या मध्यभागी या क्षेत्राची त्रिज्या सुमारे २५ मीटर असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे १५ मीटर, मोकळा असणे आवश्यक असते. त्यातच पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यभागी जमीन सुमारे ६ मीटर वर आल्यासारखी होते. म्हणजे अगदी सपाट प्रदेशातही दोन्ही मनोरे झाडांच्या शेंड्यांपेक्षा २१ मीटरांनी उंच हवेत. झाडे १२ मीटरांची असतील तर मनोरा ३३ मीटरांचा होतो. काही हजार रुपयांचे यंत्र टांगण्यासाठी त्याच्या अनेक पट खर्चाचा मनोरा उभारावा लागतो, असा हा हिशेब आहे. त्यामुळेच डोंगर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस किंवा आधीच उभा असलेला मनोरा यांना अशा योजनेत मोठे मोल असते.

दुसरी अडचण वेळेची. वाय-फायचे यंत्र माहितीचा एक तुकडा पाठवल्यानंतर पोच मिळण्याची फार थोडा वेळ वाट पाहते. लहरींना ३०० मीटर जाण्यास एक मायक्रोसेकंद लागतो, तर ३८ किलोमीटर जाण्यास सुमारे १२७ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळेत पोच न आल्याने तुकडा हरवला असे समजून यंत्र तो पुन्हा पाठवते आणि जाळे व्यर्थ कामात गुंतून पडते. यावर कानपूर येथील संशोधकांनी आणि नंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील टायर गटाने उपाय शोधले. सर्व यंत्रांनी संधी मिळेल तसे बोलण्याऐवजी प्रत्येकाला बोलण्याची ठरावीक पाळी देणे, हे त्या उपायांचे सूत्र होते. यंत्रे तीच ठेवून केवळ आज्ञावली बदलल्याने वेग कित्येक पटींनी वाढला.

परवानामुक्त लहरींचा निर्णय

या प्रयोगांना गती मिळाली ती जानेवारी २००५ मधील निर्णयाने. तोपर्यंत इमारतीबाहेर वाय-फाय वापरण्यासाठी परवाना घ्यावा लागत असे. केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. अँटेनासह एकूण प्रक्षेपणशक्ती ४ वॉटपर्यंत ठेवण्याची अट त्यात होती. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचे पट्टे परवानामुक्त करण्यात आले. ग्रामपंचायत, शाळा, स्वयंसेवी संस्था किंवा गावातील एखादा लहान व्यावसायिक लहरींचे शुल्क न भरता स्वतःचे जाळे उभारू शकतो, तो या निर्णयांमुळे.

मात्र अशा जाळ्याद्वारे पैसे घेऊन सार्वजनिक सेवा द्यायची असल्यास इंटरनेट सेवादाराचा परवाना किंवा परवानाधारकाशी करार आवश्यक राहिला. तसेच या लहरी सर्वांसाठी खुल्या असल्याने शेजारच्या जाळ्याचा अडथळा झाल्यास दाद मागता येत नाही. विरळ वस्तीच्या भागात ही अडचण कमी जाणवते.

थेनीचे नेत्रकेंद्र, धरमशालेचे जाळे

तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाने टायर गटाच्या साह्याने थेनी येथील आपले रुग्णालय परिसरातील खेड्यांतील दृष्टिकेंद्रांशी लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडले. २००५-०६ च्या सुमारास हे काम आकाराला आले. केंद्रातील प्रशिक्षित कर्मचारी रुग्णाची तपासणी करतो आणि रुग्ण दूरदृश्य पद्धतीने थेट डॉक्टरांशी बोलतो. ज्यांना केवळ चष्मा किंवा औषध हवे, त्यांचे काम तेथेच होते. शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांनाच रुग्णालयात बोलावले जाते. डोळ्यांच्या तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे खर्च करावे लागत असल्याने अनेक वृद्ध ती टाळत असत. तो खर्च वाचला, ही या जाळ्याची खरी मिळकत होय.

हिमाचल प्रदेशात धरमशाला येथे २००५ मध्ये एअरजल्दी या नावाने ओळखले जाणारे सामुदायिक जाळे सुरू झाले. तिबेटी वसाहती, शाळा, रुग्णालये आणि संस्था यांना त्याने जोडले. देवदारांचे दाट वन, उंचसखल डोंगर, मुसळधार पाऊस आणि अँटेना व तारा ओढणारी माकडे यांना तोंड देत तेथील तंत्रज्ञांनी स्वस्त यंत्रे पत्र्याच्या बंद पेट्यांत बसवली आणि काही ठिकाणी सौरऊर्जेचा वापर केला. या गटाने पुढे स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देण्यावर भर दिला आणि अन्य राज्यांतही ग्रामीण जाळी उभारली. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन आणि इंटरनेट सोसायटी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून मध्य प्रदेशातील चंदेरी येथील विणकरांपर्यंत बिनतारी इंटरनेट पोहोचले. साडीच्या नक्षीचे संगणकीय आराखडे आणि थेट विक्री यांसाठी विणकरांना त्याचा उपयोग झाला.

विजेचा प्रश्न

टायर गटाने २००८ मध्ये आपल्या अनुभवांचा आढावा प्रसिद्ध केला. जाळे बंद पडण्यास बहुतेक वेळा लहरी कारणीभूत नसून वीज कारणीभूत असते, हे त्याचे सार होते. भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हा दाब एकदम उसळतो आणि यंत्राचा पुरवठा संच जळतो. दाब कमी राहिला तर यंत्र अर्धवट चालू होऊन आतील आज्ञावली बिघडते. बॅटरी पूर्ण रिकामी होऊ दिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. गावातील चालकाला मात्र एवढेच दिसते की इंटरनेट बंद आहे. दुरुस्तीसाठी शहरातून माणूस येईपर्यंत दिवस जातात. तोपर्यंत गावकऱ्यांचा विश्वास उडतो आणि एकदा उडालेला विश्वास परत मिळवणे नवे यंत्र बसवण्यापेक्षा कठीण असते.

म्हणूनच वीजदाब स्थिर ठेवणारे साधन, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेल्यास यंत्र बंद करणारी योजना, चांगली भूजोडणी व वीजरोधक आणि एक सुटे यंत्र हाताशी ठेवणे या गोष्टी अँटेनाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. पावसाचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही. पावसाळ्यात वाढलेली व भिजलेली झाडी मात्र दुवा कमकुवत करते. उन्हाळ्यात उत्तम चाललेला दुवा आषाढ-श्रावणात अडखळतो, तो बहुधा यामुळे.

वायमॅक्सचा मार्ग

याच काळात वायमॅक्स हे तंत्र ग्रामीण ब्रॉडबँडचे भविष्य मानले जात होते. एका मनोऱ्यावरून अनेक किलोमीटर परिसरात वेगवान सेवा देण्याची त्याची क्षमता होती. बीएसएनएलने ग्रामीण भागात त्याची सेवा सुरू केली. २०१० मध्ये २.३ गिगाहर्ट्झच्या बिनतारी ब्रॉडबँड लहरींचा लिलाव झाला आणि त्यातून सरकारला सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले. मात्र जगभरातील मोबाइल उद्योग एलटीई, म्हणजे फोर-जीकडे वळला. वायमॅक्सची यंत्रे स्वस्त होऊ शकली नाहीत आणि ते तंत्र मागे पडले. ज्या तंत्राची यंत्रे जगात सर्वाधिक संख्येने बनतात तेच अखेर खेड्याला परवडते, हा या प्रकरणाचा बोध आहे. लिलावातील त्याच पट्ट्यावर पुढे फोर-जी सेवा आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले.

पालघरमधील रिकाम्या लहरी

आयआयटी मुंबईचे प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ग्राममार्ग प्रकल्पाने वेगळाच पर्याय तपासला. दूरचित्रवाणीच्या भूप्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ वाहिन्या सामावतात. देशात कोठेही त्यांपैकी किमान १२ वाहिन्या मोकळ्या असल्याचे या गटाच्या अभ्यासात दिसून आले. या लहरींची वारंवारता कमी असल्याने त्या झाडीतून व चढउतारांतून वाय-फायपेक्षा अधिक दूरवर जातात. प्रायोगिक परवाना घेऊन पालघर जिल्ह्यातील खामलोली आणि आसपासच्या, एकूण सात गावांमध्ये ही चाचणी करण्यात आली.

हा पट्टा सर्वसाधारण वापरासाठी खुला झालेला नसल्याने पुढील टप्प्यात ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींनी पालघरमधील २५ गावे जोडण्यात आली. ग्रामपंचायत, गावातील उद्योजक आणि तांत्रिक संस्था यांनी खर्च व जबाबदारी वाटून घ्यावी, अशी त्यामागील योजना होती. मोझिला संस्थेच्या समान संधी स्पर्धेत २०१७ मध्ये या प्रकल्पाला पहिला पुरस्कार मिळाला. मुंबईपासून फार दूर नसलेल्या आदिवासी पाड्यांतही इंटरनेट पोहोचवण्यासाठी एवढे प्रयत्न करावे लागले. यावरून शहराची जवळीक आणि जोडणी यांचा संबंध गृहीत धरता येत नाही, असे दिसते.

भारतनेट आणि गावातील अंतर

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे उद्दिष्ट होते. पुढे या योजनेचे नाव भारतनेट झाले. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यात दुर्गम ठिकाणांसाठी फायबरबरोबरच बिनतारी व उपग्रह जोडणीचाही समावेश करण्यात आला. महाराष्ट्रात या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्य शासनाच्या पुढाकाराने हाती घेण्यात आले.

फायबरची क्षमता प्रचंड असली तरी ती तार रस्त्याकडेने जाते. रस्तारुंदीकरण, जलवाहिनीचे खोदकाम किंवा दरड यांमुळे ती तुटते. सुरुवातीच्या रचनेत पंचायती एकामागोमाग एक जोडलेल्या असल्याने एका ठिकाणी तार तुटली की पुढील सर्व गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचनेचा स्वीकार करण्यात आला. त्यामुळे एक बाजू तुटल्यास दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहू शकते. देखभालीची तरतूदही या कार्यक्रमात करण्यात आली.

तरीही पंचायत कार्यालयातून पुढे घराघरांत आणि वाड्यांत जाण्याचा प्रश्न उरतोच. सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या रांगांत एका ग्रामपंचायतीखाली अनेक पाडे असतात आणि त्यांच्यामध्ये ओढे, डोंगर व वनजमीन असते. तेथे फायबर आणि बिनतारी दुवे परस्परांना पूरक ठरतात. फायबरने मोठा प्रवाह पंचायतीपर्यंत आणावा आणि तेथून लहरींनी तो वाटावा.

सार्वजनिक वाय-फाय : पीएम-वाणी

या वाटपासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. पूर्वीच्या एसटीडी-पीसीओच्या धर्तीवर किराणा दुकानदार, चहावाला किंवा महिला बचतगट सार्वजनिक डेटा केंद्र चालवू शकतो. त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. अनेक केंद्रांची जुळणी व हिशेब पाहणारी वेगळी संस्था असते आणि ग्राहक अ‍ॅपद्वारे अल्प रकमेत जोडणी घेतो.

२०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात २०२५ मध्येही ही संख्या काही लाखांतच राहिली. दुकानदाराला इंटरनेट महागड्या व्यावसायिक दराने घ्यावे लागते, हे त्याचे एक कारण होते. त्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये अशा केंद्रांसाठी दराची कमाल मर्यादा घालून दिली. २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीपेक्षा अधिक आकारणी करता येणार नाही, असे त्यात नमूद आहे.

मोबाइल, एअरफायबर आणि उपग्रह

आज ग्रामीण भागात इंटरनेट प्रामुख्याने मोबाइलवरून वापरले जाते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार मार्च २०२४ अखेर देशातील ९५.४४ कोटी इंटरनेट ग्राहकांपैकी ३९.८३ कोटी ग्रामीण होते. देशातील ६,४४,१३१ गावांपैकी ६,१२,९५२ गावांत थ्री-जी किंवा फोर-जी सेवा एप्रिल २०२४ पर्यंत पोहोचली होती. म्हणजे तेव्हा ३१ हजारांहून अधिक गावे त्याबाहेर होती. अशा वंचित २४,६८० गावांत फोर-जी सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना जुलै २०२२ मध्ये मंजूर करण्यात आली आणि तिची जबाबदारी बीएसएनएलकडे सोपवण्यात आली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे राष्ट्रार्पण झाले.

घरासाठी स्थिर जोडणी देणारी एअरफायबर सेवा २०२३ मध्ये प्रथम एअरटेलने आणि नंतर जिओने सुरू केली. मनोऱ्यावरून फाइव्ह-जी लहरी घराच्या छपरावरील यंत्रापर्यंत येतात आणि आत वाय-फाय मिळते. कॉरडेक्टच्या काळात छपरावर लावलेल्या अँटेनाचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल. वेग मात्र हजारपटीने वाढला आहे.

उपग्रहाचा पर्याय अतिदुर्गम भागांसाठी पूर्वीपासून उपलब्ध आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने संभाषणात सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवतो. काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या समूहामुळे तो विलंब खूपच घटतो. अशा सेवेसाठी वनवेब, जिओ आणि जून २०२५ मध्ये स्टारलिंक यांना दूरसंचार विभागाने परवाने दिले. डोंगराआड असलेल्या वस्तीला मनोऱ्याची वाट पाहावी लागणार नाही, हा त्याचा लाभ आहे. एका कुटुंबाला न परवडणारी अशी जोडणी घेऊन ती वाय-फायने संपूर्ण पाड्यात वाटणे शक्य आहे.

जाळे टिकते कशाने?

या सर्व प्रयोगांकडे एकत्र पाहिले असता काही बाबी पुनःपुन्हा समोर येतात. जेथे जोडणीमागे ठरावीक काम होते, जसे थेनीत नेत्रतपासणी, वारणेत उसाचा हिशेब किंवा चंदेरीत विणकाम, तेथे सेवा टिकली. केवळ संगणक आणि अँटेना पोहोचवून वापर आपोआप वाढेल अशी अपेक्षा ठेवली, तेथे ती बंद पडली. गावातच दुरुस्ती करू शकणारी एक तरी व्यक्ती असणे, तिला त्या कामाचे नियमित मानधन मिळणे, सुटे भाग उपलब्ध असणे आणि वीजपुरवठ्याची स्वतंत्र व्यवस्था असणे, या चार गोष्टी यंत्राच्या वेगाइतक्याच निर्णायक ठरल्या.

उभारणीचा खर्च एकदाच होतो आणि त्यासाठी निधी मिळतो. देखभालीचा खर्च दर महिन्याला येतो आणि त्याची तरतूद बहुतेक वेळा राहून जाते. ग्रामपंचायतीने जोडणीचा करार करताना दुवा किती तासांत दुरुस्त होईल, वीजबिल कोण भरेल, बॅटरी किती वर्षांनी बदलली जाईल आणि जबाबदार व्यक्ती कोण, हे लेखी ठरवून घेतल्यास पुढील अनेक अडचणी टळू शकतात. पाणीपुरवठा योजनेसाठी गाव जसा पंपचालक नेमते, तशी नेमणूक इंटरनेटसाठीही करावी लागेल. नळाला पाणी न आल्यास सरपंचाला जाब विचारला जातो. जोडणी बंद राहिल्यास तसाच जाब विचारला जाईल, तेव्हा ही सेवा गावाने आपली मानली असे म्हणता येईल.